पट कमी झाला, की पटावरची मुलं बदलली?

खडूफळा

राम राम मंडळी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, पुणे जिल्ह्यात. भोर तालुक्यातल्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेतून बदली होऊन आता चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात आलोय. जिल्हा परिषद तीच, पुस्तकं तीच, खिचडीचा तांदूळही तोच. पण दोन्हीकडचे हजेरीपट शेजारी ठेवले तर हे एकाच जिल्ह्यातले आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

डोंगरातल्या शाळेत पहिली ते चौथी मिळून पट दोन आकडी व्हायला मारामार. गावात घरं आहेत, घरांना कुलपं आहेत. बाप्या पूर्वीपासूनच मुंबई-पुण्याला असायचा, बायको-पोरं गावी. आता मूल अंगणवाडीतून बाहेर पडलं की आईसकट धायरीला नाहीतर कात्रजला. पटावर उरतात ती धनगरवाड्यावरची, कातकरी वस्तीवरची, आणि ज्यांच्या घरात कुणाला शहरात खोली परवडली नाही त्यांची मुलं. जत्रेला गाव भरतं, तेव्हा गावात एवढी पोरं आहेत हे पाहून आपल्यालाच नवल वाटतं.

चाकणकडे उलट. जूनमध्ये दारात रांग. नांदेड, परभणी, लातूर, बुलढाणा, यवतमाळ, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, थोडी नेपाळची. आईबाप कंपनीत ठेकेदाराकडे, कुणी सिक्युरिटीत, कुणी अंडाभुर्जीच्या गाडीवर. एका वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मी असली तर चांगलं म्हणायचं. आणि मूळ गावकऱ्यांची? ज्यांनी शाळेला जागा दिली, ज्यांच्या आजोबांचं नाव दारावरच्या फरशीवर कोरलंय, त्यांची नातवंडं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. सात-बाराचा मोबदला आला आणि पहिला खर्च झाला तो डोनेशनचा.

पेपरात बातमी येते ती फक्त आकड्याची: पट घसरला, शाळा बंद पडणार. मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. दोन्ही ठिकाणी शाळेतून कोण गेलं बघा. ज्याचं ग्रामपंचायतीत वजन आहे, ज्याचा फोन बीडीओ (गटविकास अधिकारी) उचलतो, त्याचं मूल गेलं. डोंगरात पट कमी होऊन हे झालं, चाकणला पट वाढून झालं. शाळेचं छत गळलं तर ओरडायला कोण येणार?

तुमच्या गावच्या, वॉर्डाच्या शाळेत सध्या कोण शिकतंय? माहिती असेल ते लिहा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' टाळलं तर बरं.

---

मावळी_पोर

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

---

वाघोलीची_आई

धागा चांगला आहे, पण सूर असा लागलाय की आम्ही पिवळ्या बसवाले पळपुटे. माझ्या सोसायटीपासून जि.प. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. गेले होते बघायला. बाई मनापासून शिकवत होत्या, खोटं कशाला बोलू. पण एका खोलीत दोन वर्ग, मध्येच बाईंना कसली तरी माहिती भरायला बोलावणं, आणि पहिलीत बसलेल्या काही मुलांचं वय नऊ-दहा. माझ्या मुलीवर मी प्रयोग करायचा का? लेकराचं पहिलीचं वर्ष परत येत नाही, दादा.

---

खडूफळा

ताई, तुम्हाला दोष नाही दिला. माझ्या ओळखीतल्या निम्म्या शिक्षकांची मुलं कुठे शिकतात ते विचारू नका, इथे भांडणं होतील.

नऊ वर्षांच्या मुलाचं मात्र सांगतो. शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयानुरूप वर्गात, म्हणजे तिसरी-चौथीत बसवायचं आणि विशेष प्रशिक्षण देऊन बरोबरीला आणायचं. वीटभट्टीवरून आलेलं, कधी शाळाच न पाहिलेलं पोर चौथीत नुसतं बसून राहतं, म्हणून बाई त्याला अक्षर ओळखेपर्यंत पहिलीच्या बाकावर घेतात. तुम्ही बहुधा तेच पाहिलंत.

---

केंद्रप्रमुख_निवृत्त

आकड्यांशिवाय चर्चा नको, म्हणून थोडे आकडे. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे साधारण साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. वित्त विभागाच्या माणसाने हे बघितलं की त्याच्या पोटात गोळा येणारच. मग तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे दाखले देऊन 'छोट्या शाळा एकत्र करा, मुलांना गाडीने आणा' हा प्रस्ताव आला.

दुसरी बाजू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ असं लिहिलंय. पट दहा आहे म्हणून एकच शिक्षक चालेल, असं त्यात कुठेही नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हेही आपल्याच नियमांत आहे. सह्याद्रीत एक किलोमीटर म्हणजे मध्ये ओढा, आणि जुलैत तो ओढा सहा वर्षांच्या पोराने ओलांडायचा नसतो. गाडीचं म्हणाल तर गाडी पहिल्या वर्षी येते. चौथ्या वर्षी डिझेलचं बिल कुणी द्यायचं यावर पत्रव्यवहार सुरू असतो.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे, निकष आणखी आवळले. सहावी-सातवीचा पट विसाच्या खाली असलेल्या शाळांना त्याची सगळ्यात जास्त धग लागली, संघटना रस्त्यावर आल्या.

आणि एक कारण कुणीच बोलत नाही. मुलंच कमी जन्मताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आलाय. इंग्रजी शाळा उद्या सगळ्या बंद केल्या तरी डोंगरातल्या त्या शाळेचा पट पन्नास होणार नाही. असा गुरुजी दाखवा जो पोरं जन्माला घालण्याचं उद्दिष्ट पूर्ण करील.

---

गप्पू

काका, शेवटचं वाक्य कुणाला दाखवू नका, उद्या परिपत्रक निघेल.

---

मावळी_पोर

आलो. काका, २०११ च्या पटपडताळणीचं पण लिहा ना. मी तेव्हा पाचवीत होतो. बोटाला शाई लावलेली आठवते, मतदान केल्यासारखं वाटलं होतं.

---

केंद्रप्रमुख_निवृत्त

लिहितो. तो प्रकार नांदेडहून सुरू झाला. तिथे श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते, त्यांनी एकाच वेळी सगळ्या शाळांत माणसं घुसवून मुलं मोजली आणि कागदावरच्या पटाचा फुगा फुटला. मग सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर तेच केलं. शाई एवढ्यासाठी, की सकाळी एका शाळेत मोजलेलं पोर दुपारी दुसऱ्या संस्थेत बसवू नये. काही ठिकाणी वर्गच्या वर्ग कागदावर होते. तुकडी, पद, अनुदान, तांदूळ सगळं त्या नसलेल्या पोरांच्या नावावर चालू.

आता आधार आल्यावर खोटी मुलं घटली. पण खरी मुलं गळायला लागली, तो वेगळा ताप. आधारवर 'सोनू' आणि दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' असेल तर ते पोर रोज वर्गात बसूनही संचमान्यतेत धरलं जात नाही. विसाव्या मुलाचं आधार जुळत नाही म्हणून पद गेलेलं मी पाहिलंय.

---

कोयता_बीड

मी ऊसतोड मजुराचा मुलगा. आता तलाठी आहे. गुरुजी, तुमच्या पटाच्या हिशेबात एक मोठी गंमत आहे, ती कुणी लिहिली नाही.

संचमान्यतेचा पट धरतात ३० सप्टेंबरचा. आमच्या वडवणी-धारूर-केज भागात त्या तारखेला शाळा भरलेली असते. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर वर्गात बाकं मोकळी. जोडपं म्हणजे एक कोयता. कोयत्याबरोबर लहान पोर जातं, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण जाते. ती पटावर असते, हजेरीत नसते. मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा वर्ष संपलेलं. तोवर ती कराडकडे नाहीतर इंदापूरकडे फडात असते. तिथल्या शाळेच्या पटावर ती नाहीच, कारण तिथली मोजणी पण ३० सप्टेंबरलाच झाली! म्हणजे तिच्या नावाचा शिक्षक बीडमध्ये आणि ती फडात.

हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत पोरं आजीकडेच राहतात आणि जेवण शाळेत मिळतं. आजी असेल तर हे जमतं. माझी आजी होती म्हणून मी आज इथे टाइप करतोय. शेजारच्या घरातल्याला नव्हती.

आणखी एक. अनियमित उपस्थितीचा शिक्का आमच्याच प्रवर्गावर बसतो. मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला, तो वर्षानुवर्षं एक रुपयाच राहिला. वर्षाचे दोनशेवीस. फडात तिची आई एका दिवसात यापेक्षा जास्त कमावते.

---

खडूफळा

हे वाचून थांबलो. आमच्याकडे नेमकं उलट होतं. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात आणि नवी मुलं दारात येतात. दाखल करून घेतो, जेवण मिळतं कारण खिचडीचा हिशेब रोजच्या हजेरीवर असतो, पण शिक्षक सप्टेंबरच्या आकड्याचेच. पुस्तकंही तेवढीच आलेली, मग दोघांत एक.

---

डेट्रॉईटकर

तिकडची ष्टोरी म्हणून शिव्या पडतील, पण बीडकरांच्या मुद्द्याला जोडून आहे. मिशिगनमध्ये सरकारी शाळेला पैसे विद्यार्थ्यामागे मिळतात आणि मोजणीचा ठरलेला दिवस आहे, ऑक्टोबरचा पहिला बुधवार. त्या दिवशी मूल घरी राहू नये म्हणून शाळा पिझ्झा काय देतात, पायजमा घालून या काय म्हणतात! पण दुसरी मोजणी फेब्रुवारीत होते. निधीत ऑक्टोबरच्या मोजणीला ९० टक्के वजन, फेब्रुवारीच्या मोजणीला १० टक्के. दहा टक्के कमीच आहे, तरी मध्येच आलेल्या मुलाची सरकारदरबारी नोंद तरी लागते. आपल्याकडे जानेवारीत दुसरी मोजणी घेतली तर ऊसपट्ट्यातल्या शाळांचं चित्र लख्ख दिसेल.

बाकी इकडे सरकारी शाळेत सगळे जातात म्हणून सगळं समान, असं समजू नका. पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीत घर महाग. डोनेशन आम्ही पण देतो, फक्त ते घराच्या हप्त्यात असतं. माझ्या मुलाच्या शाळेत देशी पोरांची रांग आहे, वीस मैलांवरच्या शाळेत एकही नसेल.

---

फोंडेकर

गोव्याचं थोडक्यात. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या. १९९० पासून प्राथमिकचं अनुदान प्रादेशिक भाषांनाच होतं, २०११ मध्ये इंग्रजीलाही दिलं. त्यावरून किती रान पेटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आज गावच्या सरकारी शाळेत गेलात तर बऱ्याच ठिकाणी कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलं मराठीत पाढे म्हणताना दिसतील. घरी कन्नड किंवा लमाणी, शाळेत मराठी, बाजारात कोंकणी. मराठी शाळा टिकवण्याची भाषणं आम्ही करतो, शाळा त्या मुलांनी टिकवलीय.

---

वाघोलीची_आई

फोंडेकरांचं शेवटचं वाक्य लागलं. पण तरीही विचारते, उपाय काय? मी एकटीने मुलीला तिथे घातलं तर शाळा सुधारेल का? की वीस आयांनी एकदम घालायला हवं?

---

मावळी_पोर

वीस आया एकदम, हे झालंय की. शिरूर तालुक्यातलं वाबळेवाडी. गावाने शाळा मनावर घेतली, प्रवेशासाठी बाहेरगावचे लोक रांगेत उभे राहायला लागले. जि.प. शाळेत प्रवेश मिळत नाही म्हणून लोक नाराज, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

---

खडूफळा

वाबळेवाडीचं कौतुक आहेच. पण तिथे गाव होतं. जमीन देणारे, पैसे उभे करणारे, एकमेकांना ओळखणारे लोक होते. आमच्या शाळेची व्यवस्थापन समिती बघा. कायदा म्हणतो तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. निवड केली, अगदी नियमाने. अध्यक्ष यवतमाळचे, भाड्याच्या खोलीत राहतात, इथल्या मतदार यादीत नाव नाही. सभा कामाच्या दिवशी ठेवली तर त्यांचा खाडा पडतो, रविवारी ठेवली तर ओव्हरटाइम बुडतो. ग्रामसभेत शाळेच्या संडासाचा विषय काढायचा तर ते उभे कुठल्या नात्याने राहणार? सरपंच चांगला माणूस आहे, पण त्याला पुढच्या निवडणुकीत या पालकांचं एकही मत पडणार नाही, आणि ते दोघांनाही माहीत आहे.

कोविडनंतर पगार तुटले तेव्हा इंग्रजी शाळेतली बरीच मुलं आमच्याकडे आली होती. 'असर' या शिक्षणाच्या पाहणी अहवालातही ते दिसलं, ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटात सरकारी शाळांचा वाटा २०१८ च्या ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ वर गेला. २०२४ मध्ये परत ६६.८. त्या दोन वर्षांत आमच्या शाळेचं पाण्याचं कनेक्शन झालं, कंपाउंड झालं. मुलं परत गेली, नंतरचं काम अजून प्रस्तावातच आहे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

---

केंद्रप्रमुख_निवृत्त

सहमत. म्हणूनच २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना गरीब मुलांसाठी राखीव २५ टक्के प्रवेशातून सूट दिली, तेव्हा मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटलं. हेतू 'आपल्या शाळा भरतील' असा सांगितला गेला, पण त्यात फक्त गरिबाची वाट बंद होत होती, पैसेवाल्याची नाही. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला ते बरंच झालं.

अवांतर: शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरला सोन्याचा भाव कधी आला माहितीय का? २०२३ च्या हिवाळ्यात, मराठा आरक्षणासाठी नेमलेली शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती तेव्हा. ज्या कपाटाला कुणी हात लावत नव्हतं त्यातले प्रवेश निर्गमचे उतारे काढायला गाव लोटलं. पोरं शहरातल्या शाळेत, पणजोबा आमच्या रजिस्टरात.

---

गप्पू

अवांतरावरून धागा आरक्षणाकडे जाण्याआधी संपादकांना विनंती, कुलूप तयार ठेवा.

---

दादर_प

मुंबई महापालिकेचं कुणी लिहिलं नाही. आठ माध्यमं आहेत आमच्याकडे: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. एकाच इमारतीत तीन माध्यमं, तीन मुख्याध्यापक. मराठीचे वर्ग आकसत चाललेत. मात्र २०२० पासून पालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या आणि तिथे प्रवेशाला झुंबड, सोडत काढावी लागली. इमारत पालिकेची, पगार पालिकेचा, फक्त बोर्ड आणि माध्यम बदललं. पालक सरकारी शाळेला नाही म्हणत नाहीयेत. काय हवंय ते त्यांनी सांगितलंय, आवडो न आवडो.

---

खडूफळा

आमचा सेमी-इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी पालक विचारतात, "सर, टाय आहे का?"

---

नवीन_सभासद_७

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या बिल्डिंगच्या बांधकामावर एक कुटुंब आलंय, छत्तीसगडचं. दोन मुलं, सात आणि नऊ. जवळ दाखला नाही, मोठ्याचं आधार गावी राहिलंय, लहान्याचं काढलेलंच नाही. जवळच्या शाळेत नेलं तर सांगितलं, "आता नोव्हेंबर आहे, जूनमध्ये या." काय करता येईल?

---

खडूफळा

जूनपर्यंत थांबू नका, तोवर ते काम संपून निघून जातील.

उद्याच परत जा, मुख्याध्यापकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्यातली चार कलमं लिहून न्या. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५: प्रवेशाची मुदत उलटली तरी मुलाला घ्यावंच लागतं. कलम ५: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. कलम ४: वयानुरूप वर्ग, म्हणजे नऊ वर्षांचा चौथीत. भांडायला जाऊ नका, आधीच सप्टेंबरचा पट गेलेला असतो, मुख्याध्यापकाला वाटतं उगाच काम वाढलं. मुलं कधी शाळेत गेली असतील तर गावचं आणि शाळेचं नाव विचारून ठेवा. यू-डायसवर (शाळा-विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत) त्यांचा नंबर असेल, जुन्या शाळेने त्यांना ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं की नवीन शाळा ओढून घेऊ शकते. आधारसाठी अर्ज नंतर करता येतो, तोवर मूल वर्गात बसू शकतं, जेवू शकतं.

तरीही नाही म्हणाले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. बहुतेक वेळा पोच मागितली की काम होतं. कुठला भाग ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथल्या शाळा-केंद्रातला कुणी ओळखीचा असला तर फोन करतो.

---

नवीन_सभासद_७

व्यनि केलाय सर. हिंदी माध्यमाची शाळा शोधू की मराठीच चालेल? आई म्हणतेय कुठलीही चालेल, दुपारचं जेवण असलं की झालं.

---

खडूफळा

जी चालत जाण्याच्या अंतरावर असेल ती. सात वर्षांचं पोर दिवाळी ते होळीत मराठी बोलायला लागतं, माझ्या वर्गात दरवर्षी लागतात. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाच्या आत जा.